पायल इथे राहते का?

हो, हाच बॅरेक — दोनदा गल्लीच्या टोकाला जाऊन परत आलात ना, वरून बघत होते मी. हाक नाही मारली. म्हटलं बघू, सापडतंय का याला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये नंबरावरून घर शोधणारा एक तर पोस्टमन असतो नाहीतर नवखा असतो, आणि पोस्टमनच्या हातात हेल्मेट नसतं. या, आत या. जिना चढताना डोकं आपटलं? सगळ्यांचं आपटतं. त्या ढिगावर नका बसू हं, तो तयार माल आहे, या बाजूच्या जीन्सचे धागे कापायचेत अजून, पाचला सेठचा माणूस न्यायला येतो. खुर्चीत बसा. मी बोलता बोलता कापत राहते, चालेल ना — हात चालू असले की तोंड बरं चालतं माझं.

हं, विचारा. पायल शिवराम ओव्हाळ. बरोबर. वय पंचवीस. मी नीलिमा, तिची मोठी बहीण — मोठी म्हणजे चांगली सोळा वर्षांनी मोठी, लोक आई समजतात, तुम्हीही समजलात, दारातच दिसलं मला. असू द्या. सकाळी निघताना सांगून गेलीय ती — ताई, हैदराबादच्या कंपनीकडून पत्ता तपासायला माणूस येईल, विचारेल मी इथे राहते का, हो म्हण, सही कर, एवढंच. एवढंच! जन्मल्यापासून राहतेय, त्याचं एवढंच. तिला फोन लावून बघितलात? नाही उचलणार. तिच्या आत्ताच्या ऑफिसात, ऐरोलीला, आत जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवून घेतात, संध्याकाळी सातला हातात येतो. म्हणून तर दुसरा नंबर माझा दिलाय. विश्वासाने दिलाय. आणि तुम्हाला आजच पाठवायचंय सगळं, पाचच्या आत? बघा, म्हणजे आपल्या दोघांनाही पाचचीच घाई. सही करते ना, पळून जातेय का मी. चहा टाकलाय, तो उकळू द्या.

नाव काय म्हणालात? सम्यक. अरे वा. मग आपलेच निघालात — जय भीम, जय भीम. राहायला कुठे? बदलापूर. स्वतःचं घर? वडलांचं. आणि शिक्षण — नाही, असंच विचारते, तुम्ही माझ्या बहिणीचं सगळं विचारणार, मी एवढंही विचारू नये? बी. ई.? मेकॅनिकल? आणि हे काम? अहो, लाजता कशाला, काम ते काम. पण गंमत बघा — जे गाव सोडून निघालेत ते खरंच इथे राहत होते का, हे दारोदार जाऊन बघायचं कोणी, तर ज्याला निघता आलं नाही त्याने. किती जणांचं केलंत आत्तापर्यंत? एवढ्या जणांना पाठवलंत बंगळुरूला, पुण्याला, गुरगावला? आणि स्वतः परत बदलापूरला. आई-वडील सोडत नाहीत? हं. सगळे तसंच म्हणतात. मीही म्हणते.

हा घ्या चहा. आलं जास्त पडलंय. बिस्कीट? नको तर नको.

तर पायल. तिचं काय विचारू नका, तिने शहर कसं निवडलं ते ऐका, तुमच्या फॉर्ममध्ये नसेल पण ऐका. लोकांना कसं, नोकरी लागते नि मग गाव ठरतं. हिचं उलटं. आधी गाव ठरवणार, मग तिथली नोकरी शोधणार. परीक्षेचा पेपर असतो ना, तसं वहीच्या मधलं मोठं जोडपान फाडलं, पट्टीने रकाने आखले — लहानपणापासून रेघ सरळ हवी तिला — आणि त्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. दार उघडलं की पुणे, बंगळुरू, हैदराबाद, इंदूर, चेन्नई. साडी काढायला गेलं की चेन्नई. मग रकाने — पाणी रोज येतं का, हवा कशी, खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारतात का — हो, तसा रकाना होता, हसू नका, तुम्हाला माहीत नाही का कशाला लागतो तो — रात्री किती वाजेपर्यंत बाई एकटी चालू शकते, पावसात पाणी तुंबतं का. प्रत्येकाला दहापैकी गुण. मैत्रिणींना फोन करून, कोण कुठे गेलंय त्यांना विचारून विचारून गुण देत होती. चेन्नईला पाण्यात दोन. बंगळुरूला रस्त्यात तीन. मी म्हटलं, आपलं उल्हासनगर घाल ना एक रकान्यात, बघू किती मिळतात. तर हसली. म्हणाली, ताई, ते पेपर सेट करणारं गाव आहे, ते परीक्षेला बसत नाही. बोलणं बघा! हे असं बोलायला मी शिकवलंय तिला, मीच. जन्मली तेव्हा आईला ताप, अंगाखांद्यावर मी खेळवली, पाढे मी शिकवले, दहावीला इंग्रजी मी घेतलं. आणि आता आम्हाला टाकून ती हैदराबादला चालली. मुंगीला पंख फुटले म्हणतात ना.

टाकूनच. दुसरं काय म्हणणार? आतल्या खोलीत बाबा आहेत. तीन वर्षं होतील, लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अंबरनाथच्या कंपनीत तीस वर्षं पाळ्या केल्या माणसाने, आणि आता हा एवढासा जिना उतरता येत नाही, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं लागतं. दोनदाच नेलंय. आई सहा वर्षांपूर्वीच गेली. म्हणजे उरले कोण? उरले मी. आणि ही रेघा आखतेय. ऐकू येतं त्यांना, हो — सगळं ऐकू येतं, आपण बोलतोय तेही. कान शाबूत आहेत, तेवढेच आहेत. हळू कशाला बोलू? माझंच घर आहे.

मीही गेले असते, तुम्हाला काय वाटलं. सतरा वर्षांपूर्वी नागपूरला विमा कंपनीत लागले होते मी, पक्की नोकरी. बी. कॉम. फर्स्ट क्लास. गेलेही होते. आई आजारी पडली म्हणून आले परत. काय करणार, घरची मोठी. त्यानंतर ह्या जीन्सच. धागा दिसतो का तुम्हाला? नाही ना, काळ्यावर काळा. मला दिसतो. अंधारातसुद्धा.

बिस्कीट घ्या हो, असं काय. आधीच्याने तर चहालाही तोंड लावलं नाही, म्हणाला ड्युटीवर आहे, जसा काय पोलीस —

काय? कुठला आधीचा? असंच, बोलायची पद्धत. सेल्समन येतात, गॅसवाले येतात. तुमचं लक्ष फार बारीक आहे हो, इंजिनिअरच. नाही, पत्ता तपासायला नाही. कोणी नाही आलं. आता असं बघू नका, मी म्हटलं ना, कोणी नाही — बरं. आला होता. जुलैमध्ये. पुण्याची कंपनी होती तेव्हा. किडकिडीत, कपाळावर घाम, जितेश की काय —

तुम्ही ओळखता त्याला? एकाच एजन्सीत? अस्सं. म्हणजे अंबरनाथ-उल्हासनगर तो करायचा. आणि आता तुम्ही करता. मग तो कुठे गेला? काढला? का? पत्त्यावर न जाता घरी बसून खोटा रिपोर्ट भरला म्हणून? कोणी तक्रार केली — मुलीने. हो, मुलीनेच केली असेल, पायलने, फोनवर केवढी ओरडत होती, मी तिला इतकं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. माझी ताई दिवसभर घरात होती, म्हणाली, तुमचा माणूस आलाच नाही, तुम्ही कसं लिहिता की इथे राहत नाही. तर काढला त्याला. हं. लग्न ठरलं होतं त्याचं? मला काय माहीत. त्याने कुठे सांगितलं, चहा प्यायला बसला असता तर सांगितलं असतं.

म्हणजे त्याच्या जागेवर तुम्ही लागलात? मग माझे आभार मानायला हवेत तुम्ही, सम्यक! अहो, चेष्टा केली. हसायचं.

तुम्हाला कळलंय आता, मग उगाच कशाला लपवू. आला होता. इथे नाही बसला, दारातच उभा. विचारलं, पायल ओव्हाळ इथे राहते का. मी काही ठरवलं नव्हतं हो, खरंच सांगते, हातात कात्री होती, पाच-सहा जीन्स राहिल्या होत्या, आणि तोंडातून आलं — नाही. इथे कोणी पायल राहत नाही. त्याने पुन्हा विचारलं, कधी राहत होती का? मी म्हटलं, भाडेकरू असेल कोणाची तरी, आम्ही दोघंच असतो. तो बोटाने टिकटिक करत लिहीत होता. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं मला. इतकी वर्षं मी विचार करत होते की कोणाला जाण्यापासून थांबवायचं तर रडावं लागतं, पाया पडावं लागतं, विषाची बाटली दाखवावी लागते. एक शब्द. आणि तो खाली उतरला, त्याचंही डोकं आपटलं जिन्यात.

पुण्याने आठ दिवसांनी कळवलं, तुमचा पत्ता जुळत नाही. हिने कागद पाठवले, आधार, लाईटबिल, काय काय. तोवर त्यांनी दुसरी मुलगी घेतली होती. त्या संध्याकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावलं. खूप रडली. मी म्हटलं, जाऊ दे गं, आपल्या नशिबात नव्हतं, दुरून डोंगर साजरे. असं तेल लावत होते, हळूहळू, मुळांपर्यंत. माझ्या मांडीवर झोपली ती. तशी लहानपणीच झोपायची.

नका बघू माझ्याकडे असं. तुम्हाला धाकटी बहीण आहे का? नाही ना. मग.

आणि तेव्हापासून हे सुरू झालं — ऐका, हेच, आत्ता वाजलं ना आतून? चमचा आहे तो. डावा हात चालतो त्यांचा, पलंगाच्या लोखंडी पट्टीवर ठोकतात. पायलने शिकवलंय. एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी तिला सांगितलं होतं, तर हिने चार दिवसांत बाबांना पाठ करून घेतलं. त्या जुलैत त्यांनी सगळं ऐकलं, इथून आत किती अंतर आहे, हा पडदा. आणि संध्याकाळी ती आली रे आली की ठोकायला सुरुवात. ठक ठक ठक ठक. ती धावत आत. बाबा, पाणी हवं? दोनदा. नको. औषध? दोनदा. पंखा? दोनदा. कूस बदलायची? दोनदा. वीस प्रश्न विचारायची बिचारी, घामाघूम व्हायची, आणि प्रत्येकाला नाही, नाही, नाही. आता आजारी माणसाला कोण विचारणार, की बाबा, घरात कोणी खोटं बोललं का? हा प्रश्न कोणाला सुचेल? मग शेवटी पाणीच द्यायची. तोंडाशी धरलं की पितात, काय करतील. मला म्हणते, ताई, बाबांना तहान फार लागायला लागलीय, शुगर तपासून घेऊ या का. मी तपासूनही आणली हो. नॉर्मल आहे.

का केलं म्हणून काय विचारता. पोलीस आहात का. सांगितलं ना, ती आम्हाला टाकून — हां, ते कपाट. उघडंच राहिलंय का दार. वाचलंत वाटतं बसल्या बसल्या. शेवटचा रकाना ना? वाचा, मोठ्याने वाचा, बाबांनाही ऐकू दे. 'ताई-बाबा.' झालं समाधान?

तो नंतर घातला तिने. आधीचे सगळे रकाने भरून झाल्यावर, दुसऱ्या रंगाच्या पेनाने. मला कळेना, ताई-बाबाला कसले गुण. तर म्हणाली, जिथे तळमजल्यावर घर मिळेल, जिना नसेल, आणि जवळ बाबांना रोज व्यायामाला नेता येईल असं सेंटर असेल, त्या शहराला जास्त. चेन्नईला तीन, पुण्याला सहा, हैदराबादला नऊ. पुणं गेलं तरी ही रडून दोन दिवसांत उठली ती त्या नऊ गुणांच्या जोरावर. तिथे घर बघून ठेवलंय म्हणे मैत्रिणीने, अंगण आहे, दारात उंबरासुद्धा नाही, चाकाची खुर्ची सरळ आत. मालकाने विचारलं किती माणसं राहणार, तर हिने सांगितलं तीन. मला न विचारता! तीन. माझ्यासमोर सांगितलं फोनवर, हिंदीत, तीन लोग हैं, मेरी दीदी और पापा. आणि माझ्याकडे बघून अशी हसली, जसं काही बक्षीस आणलंय. आतून एकदा आवाज आला. ठक. एकच. मोठा.

म्हणजे टाकून जात नव्हती, हो. खूष? तुमच्या फॉर्ममध्ये लिहा तेही.

मला कोणी विचारलं? दोघांनी ठरवलं — एकाने तोंडाने, एकाने चमच्याने. मला नागपूर झालेलं आहे. मला माहीत आहे ना कसं असतं ते. अकरा दिवस, सम्यक, फक्त अकरा दिवस होते मी तिथे. आई आजारी नव्हती. आई ठणठणीत होती, डबाभर लाडू बांधून दिले होते तिने, ते संपलेसुद्धा नव्हते. कोणी काही वाईट वागलं नाही माझ्याशी. वागले असते तर बरं झालं असतं, परत येऊन सांगायला काहीतरी असतं. ऑफिसातल्या बायका डब्यातलं द्यायच्या. होस्टेलच्या खोलीला खिडकी होती. पण आठव्या दिवशी मी दुकानात उभी राहिले आणि मला साबण मागता येईना. शब्द माहीत होता. साबण. दुकानदार म्हणतोय, क्या चाहिए मॅडम, मागे लोक उभे, आणि मला तोंडच उघडता येईना. तशीच परत आले. नवव्या दिवशी रस्ता ओलांडता येईना. दहाव्या दिवशी ऑफिसलाच गेले नाही, पलंगाखाली चपला होत्या त्या बघत बसले दिवसभर. वॉर्डनने घरी फोन केला, बाबा रात्रीची गाडी पकडून आले. काही विचारलं नाही. माझी ट्रंक त्यांनी स्वतः भरली, नीट घड्या घालून. गाडीत चौदा-पंधरा तास. कल्याण आलं तेव्हा उठून ट्रंक खाली काढली आणि म्हणाले, नीलू, सगळ्यांना सांगू आई आजारी होती.

सतरा वर्षं तेच सांगतोय आम्ही. आईनेही सांगितलं मरेपर्यंत, माझ्या आजारपणासाठी पोरीने नोकरी सोडली. पायललाही तेच माहीत आहे. शाळेत निबंध लिहिला होता तिने माझ्यावर, त्यागमूर्ती का काय, पहिला नंबर आला होता. मला वाचून दाखवला. मी काय म्हणणार, छान आहे म्हटलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय.

मग बाबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं मोठं खोटं बोललात, मी एक छोटं बोलले तर एवढं ठोकायचं काय आहे! ऐकू येतंय ना? तुमच्याशीच बोलतेय!

— बघा. पलंग करकरला, तोंड फिरवलं असणार भिंतीकडे. हे असं असतं.

तर आता तुम्ही काय करणार ते सांगा. 'राहते' असं भरणार? भरा ना. कोण अडवतंय. 'राहते'ला घरच्या सज्ञान माणसाची सही लागते? मोबाईलवर बोटाने? आणि सही करणाऱ्याचा फोटो? मग मी नाही करणार. साधी गोष्ट आहे. मी काही खोटं बोलत नाहीये यावेळी, मी फक्त सही करत नाहीये. शेजारी चालतील? जरूर विचारा. बाजूचे हरिचंद्रशेठ अजमेरला गेलेत लग्नाला, कुलूप बघितलंत की येताना. खालच्यांना येऊन महिना झालाय, ते मलाही ओळखत नाहीत. पायलला सातला सांगाल? सांगा. पाचला तुमचा रिपोर्ट जातो. सातला ती लॉकर उघडेल, तुमचा फोन येईल, की मॅडम तुमची बहीण अशी अशी. मग? ती माझ्याकडे बघेल. मी म्हणेन, पायल, आला होता, 'राहते' लिहायचे पैसे मागत होता, मी नाही म्हटलं म्हणून उलट बोंबलतोय. जितेशच्या वेळी कोणावर विश्वास ठेवला तिने? तुम्हीच सांगा. आणि तुमच्या साहेबाने कोणावर ठेवला?

उठलात कशाला. बसा. — कुठे निघालात? पडद्याकडे कशाला? नाही. तिकडे नाही जायचं. बाबांची सही? अहो, त्यांचा उजवा हात — डाव्या अंगठ्याने चालतं? कोणी सांगितलं चालतं? तुमच्या मनाने? मी सांगते ना, आत नाही जायचं, मी मध्ये उभी आहे, मला बाजूला करून जाणार का? मग थांबा तिथेच.

ओरडू नका. कोणाला काका म्हणताय? काय विचारताय मोठमोठ्याने — पायल इथे राहते का? हा काय प्रकार आहे, गल्लीत ऐकू —

चमचा पडला तो. हातातून निसटतो त्यांच्या, सारखा निसटतो. एकदा ठोकलं? मी नाही ऐकलं. पुन्हा विचारा, शंभर वेळा विचारा, शंभर वेळा ठोकतील, त्याने काय होणार? दाखवा तुमचा तो मोबाईल. नाव आहे, नातं आहे, सही आहे, फोटो आहे. 'ठोका' असा रकाना आहे कुठे? नाही ना? मग बाबांचं झालं बोलून.

आता माझं ऐका. दुपारची वेळ आहे, घरात आजारी म्हातारा आणि एकटी बाई. मी आत्ता या खिडकीतून एक हाक मारली तर खाली जीन्स धुणारे वॉशिंगवाले पोरगे आहेत दहा-बारा, निळ्या हातांचे, त्यांना दिवसभर भांडायला काही मिळत नाही. ते आधी मारतील, मग विचारतील. बदलापूरला तुमच्या वडलांना फोन जाईल. आई किती मोठ्या तोंडाने सांगत असेल नाही, आमचा सम्यक गेला नाही कुठे आम्हाला सोडून. — नाही मारत हाक. घाबरू नका, अजून नाही मारली. हेल्मेट घ्या तुमचं. तो चहा राहिला अर्धा, असू दे.

बाहेर. आणखी मागे. तुमच्याकडे तिसरा पर्याय असतो ना — 'राहते', 'राहत नाही' आणि 'दार बंद'? मला माहीत आहे, जितेशने दारात उभ्या उभ्या दाखवलं होतं. दार बंद असलं की दाराचा फोटो काढायचा, वेळ आपोआप छापून येते, कोणी नंतर काही म्हणू शकत नाही. तेच करा. तुमच्यावर काही येणार नाही, माझ्यावर येणार नाही. मी आता दार लावते, कडी घालते, म्हणजे तुम्ही जे लिहाल ते खरंच असेल. चांगलं काम करते मी तुमचं, समजून घ्या. हैदराबादवाले थांबतील चार दिवस, मग दुसरीला घेतील. मग ती नवीन पान फाडेल. इंदूर राहिलंय अजून.

काढा मोबाईल. नाही, आधी हात काढा. चौकटीवरचा हात काढा, सम्यक. माझ्याकडे नका बघू, हाताकडे बघा. मी दार लावताना बघत नाही.